वेरूळला आलेला पाहुणा मुक्कामी थांबावा म्हणून: शेतघराची सोशल मीडियावर ओळख कशी करून द्यावी

आमच्या भागात गाड्यांना तोटा नाही. सकाळी कैलास लेणं, दुपारी घृष्णेश्वराचं दर्शन, परतताना देवगिरीच्या पायथ्याशी चहा, आणि दिवेलागणीच्या आत गाडी संभाजीनगरच्या हॉटेलात, नाहीतर माळीवाड्याहून थेट समृद्धी महामार्गावर. खुलताबादच्या अलीकडं, रस्ता सोडून आत आमचं शेत आहे. तिथल्या जुन्या घराच्या दोन खोल्या आम्ही पाहुण्यांसाठी नीट केल्या, फेसबुकवर पान काढलं, आणि पहिला हंगामभर रोज संध्याकाळी माळवदावर, म्हणजे घराच्या मातीच्या सपाट छतावर, उभं राहून परतणाऱ्या गाड्यांचे दिवे बघत राहिलो.

चूक कळायला तो हंगाम जावा लागला. आम्ही पलंग दाखवत होतो. नवी फरशी, गिझर, भिंतीचा रंग. पलंग शहरात मिळतो, तोही एसीसकट. लेणी सूर्यास्ताला बंद होतात, मग इथं रात्र काढायची कशासाठी? याचं उत्तर आमच्या एकाही फोटोत नव्हतं. मराठवाड्यात घर पाहुण्यांना देणाऱ्या बहुतेकांची हीच अडचण आहे. तुळजापूरचा भाविक दर्शन झालं की निघतो, पैठणला नाथांचा वाडा आणि पैठणी झाली की निघतो, नळदुर्गला पाणीमहाल पाहिला की निघतो. म्हणून मी आता संध्याकाळी पाच ते सकाळी नऊ हे सोळा तास दाखवते. पुढचं सगळं त्या सोळा तासांसाठी आहे.

आधी वही घ्या

मोबाइल बाजूला ठेवा आणि दोन दिवस वहीत लिहा. पाच वाजता घरासमोर काय दिसतं? सहाला कसला आवाज येतो? सातला चुलीवर काय असतं? रात्री दिवे मालवल्यावर काय उरतं? पहाटे पहिलं कोण उठतं?

माझ्या वहीत असं निघालं: माळवदावरून मावळतीच्या वेळी लांबवर दिसणारा देवगिरी. सासूबाईंचं भाकरी थापणं आणि येसर आमटीची फोडणी. लिंबाखालच्या बाजा, म्हणजे खाटा. चांदण्या, ज्या पुण्या-मुंबईच्या मुलांनी एवढ्या कधी पाहिलेल्या नसतात. पहाटे मोरांचं ओरडणं, मग म्हशीची धार. यातलं काहीही आम्ही पाहुण्यांसाठी उभं केलेलं नाही. रोजचं आहे, म्हणूनच आम्हाला ते दिसत नव्हतं.

तुमची यादी वेगळी निघेल. पैठणच्या नाथसागर जलाशयाच्या काठी असाल तर हिवाळ्यातली पहाट म्हणजे पाण्यावरचे पक्षी, त्यात रोहित (फ्लेमिंगो) सुद्धा. लातूर-धाराशिवकडं वेळ अमावास्येला अख्खं गाव शेतात जेवायला जातं. भज्जी आणि आंबिलाचा तो दिवस दुसरीकडं कुठं मिळणार? फर्दापूरजवळ घर असेल तर सकाळी नऊला अजिंठ्याच्या दारात पहिलं उभं राहता येणं हीच तुमची मोठी गोष्ट. संभाजीनगरहून येणाऱ्याला शंभर किलोमीटर गाडी चालवून ते सहज जमत नाही.

वहीत दहा गोष्टी झाल्या की पुरे. वर्षभराचा मालमसाला त्यात असतो.

नाव आणि पत्ता: लोक जे टाइप करतात ते लिहा

घराचं नाव छोटं, उच्चारायला सोपं ठेवा आणि फेसबुक, इन्स्टाग्राम, यूट्यूब, गुगल मॅप सगळीकडं तेच अक्षरशः तसंच ठेवा. नावापुढं गाव जोडा.

आपल्याकडं एक खास गुंता आहे. जिल्ह्याचं नाव छत्रपती संभाजीनगर झालं, पण बाहेरच्या राज्यातला माणूस अजून शोधताना औरंगाबाद टाइप करतो. धाराशिवचं तसंच. वेरूळला तो एलोरा म्हणतो, देवगिरीला दौलताबाद, आणि घृष्णेश्वराचं इंग्रजी स्पेलिंग तर प्रत्येकाचं निराळं. पानाच्या माहितीत ही सगळी नावं, मराठीत आणि इंग्रजीत, एकदा तरी यायला हवीत. नाव कोणतं योग्य हा वाद आपल्या पानावर नको. पाहुण्याला आपण सापडलो पाहिजे.

गुगल मॅपवर नोंद करताना दोन गोष्टी. नुसतं भाड्यानं द्यायचं रिकामं घर गुगलच्या व्यवसाय-नोंदीच्या नियमात बसत नाही. तुम्ही स्वतः तिथं राहता, पाहुण्यांना भेटता, जेवण देता, तर घरगुती निवास किंवा कृषी पर्यटन अशा प्रकारात नोंद करा. दुसरं, पिन नेमकी फाटकावर लावा. आमची पिन आधी शेताच्या मधोमध होती. रात्री आठला एक कुटुंब शेजाऱ्याच्या तुरीत गाडी घेऊन उभं होतं, मुलं रडत होती. आता नवा कुणी नातेवाईक आला की मी त्याला अंधारात फक्त मॅपवर यायला सांगते. तुम्हीही ही परीक्षा एकदा घ्याच. कच्च्या रस्त्याचा शेवटचा किलोमीटर व्हिडिओत दाखवा: कोणत्या पाटीला वळायचं, कुठं खड्डा आहे, लहान गाडी येते का.

कुठं काय टाकायचं

सगळीकडं सगळं टाकत बसू नका, शेतीची कामं राहतील. माझ्या अनुभवात इन्स्टाग्रामवर तरुण जोडपी आणि मित्रांचे गट येतात. फेसबुकवर चाळिशीपुढची माणसं, निवृत्त मंडळी, ज्योतिर्लिंगांची यात्रा करणारी कुटुंबं. यूट्यूबवर निघायच्या आधी सगळं तपासणारा माणूस असतो, त्याला दहा मिनिटांचा निवांत व्हिडिओ चालतो. पण चौकशी कुठूनही आली तरी बोलणं व्हॉट्सॲपवरच पक्कं होतं. वेळ कमी असेल तर इन्स्टाग्राम, गुगल मॅप आणि व्हॉट्सॲप बिझनेस एवढं धरा.

इन्स्टाग्रामवर प्रोफाइलच्या चार ओळींत गाव, वेरूळपासूनचं अंतर, काय-काय मिळतं आणि व्हॉट्सॲपची लिंक. खाली हायलाइट्समध्ये चार गोल पुरतात: रस्ता, खोली, जेवण, दर.

शूटिंग: हुरड्याचं एक रील, घास-घास करून

महागडा कॅमेरा लागत नाही. लेन्स मऊ कापडानं पुसा, हे मी दहा वेळा सांगेन, कारण शेतात मोबाइलवर कायम धूळ आणि हळद-तेलाची बोटं असतात. मोबाइल उभा धरा. रील उभंच दिसतं, १०८० बाय १९२० पिक्सेल. ऊन उतरल्यावर किंवा उगवतीला शूट करा. आपल्याकडचं दुपारचं ऊन चेहरे काळे आणि आभाळ पांढरं करून टाकतं.

आता हुरड्याचं सांगते, कारण डिसेंबरअखेर ते फेब्रुवारी आमचं निम्मं घर त्यावर भरतं. बहुतेक जण ताटाचा फोटो टाकतात. ताट शेवटी येऊ द्या. सुरुवात आगटीपासून करा: जमिनीतला खड्डा, पेटलेल्या गोवऱ्या, वर राखेचा पातळ पापुद्रा आणि आत लाल धग. मोबाइल जमिनीलगत ठेवा. मग हिरवी कणसं आत खोचली जातात, तेव्हाचा तो तडतड आवाज. तो आवाज पहिल्या दोन सेकंदांत आला पाहिजे, नाहीतर बघणारा पुढं सरकतो. नंतर हात. माझे मिस्टर गरम कणीस तळहातांत धरून चोळतात, बोटं भाजतात म्हणून या हातातून त्या हातात टाकतात, फुंकर मारतात, कोंडा उडतो आणि ओंजळीत हिरवे, वाफाळते दाणे उरतात. हे एवढं सात-आठ सेकंद, न तोडता. मग एखाद्या पाहुण्याच्या हातात ते दाणे आणि त्याचा पहिला घास. शेवटी ताट: शेंगदाण्याची चटणी, ठेचा, दही, गूळ. पंचवीस सेकंदांत संपवा.

वरून गाणं लावू नका. एक तर व्यावसायिक खात्याला सिनेमाची गाणी बहुतेक मिळतच नाहीत, आणि मिळाली तरी त्या तडतडीपुढं गाणं फिकं आहे. पडद्यावर एकच ओळ लिहा: गूळभेंडीचा हुरडा, खुलताबाद, वेरूळपासून इतकी मिनिटं. ठिकाणाचा टॅग न विसरता लावा.

ड्रोनचा मोह सगळ्यांना होतो. पुरातत्त्व खात्याच्या संरक्षित स्मारकांवर परवानगीशिवाय ड्रोन उडवता येत नाही, आणि २०२१ च्या ड्रोन नियमांप्रमाणे आपल्या शेतावर उडवतानाही आधी सरकारच्या डिजिटल स्काय या संकेतस्थळाच्या नकाशावर तो पट्टा हिरवा, म्हणजे मोकळा, आहे का ते बघावं लागतं. लेण्यांच्या ड्रोन-दृश्यांसाठी कुणी पैसे मागत असेल तर परवानगीचा कागद आधी मागा. खरं तर माळवदावरून मोबाइलनं घेतलेली मावळती पुरेशी असते.

न्हाणीघर दाखवाच

सोळा तासांची सगळी गोडी एका गोष्टीपाशी अडते, आणि ती मला बाई म्हणून लगेच कळली. कुटुंब कुठं राहणार हे बहुतेक घरात बाई ठरवते आणि तिला आधी संडास-बाथरूम बघायचं असतं. ते आत आहे की बाहेर, कडी नीट लागते का, कमोड आहे का, रात्री वाटेवर दिवा आहे का, पाणी गरम कसं होतं. मी एकदा दार उघडण्यापासून कडी लावण्यापर्यंत एका दमात, कुठंही न कापता व्हिडिओ केला. दिसायला साधा. पण आजही चौकशी करणाऱ्या निम्म्या बायका म्हणतात, "ताई, तो बाथरूमचा व्हिडिओ बघितला, म्हणून फोन केला."

तसंच गाडी लावायची जागा, मोबाइलला रेंज कुठल्या कंपनीची येते, वीज गेली तर काय सोय आहे, हे सगळं एकदा दाखवून हायलाइटमध्ये ठेवा.

लोक जपून ठेवतील असं काही

सुंदर रील लोक बघतात आणि विसरतात. कामाचं रील जपून ठेवतात, घरच्या ग्रुपवर पाठवतात. मराठवाड्याबद्दल अशी कामाची माहिती भरपूर आहे आणि ती सांगणारे कमी.

वेरूळ मंगळवारी बंद असतं, अजिंठा सोमवारी. हे न बघता दूरवरून आलेली माणसं मी फाटकाबाहेर खट्टू उभी पाहिली आहेत. लोक अजिंठा-वेरूळ एका दमात म्हणतात आणि एका दिवसात दोन्ही होईल असं समजतात, पण दोन्हींत शंभर किलोमीटरचं अंतर आहे. अजिंठ्याला आपली गाडी फर्दापूरच्या टी-पॉइंटवर लावून पुढं बसनं जावं लागतं. घृष्णेश्वराच्या गाभाऱ्यात जाताना पुरुषांना शर्ट-बनियन काढावं लागतं. यातल्या प्रत्येक ओळीचं एक रील होतं आणि प्रत्येकाच्या शेवटी सोळा तास आपोआप येतात: "म्हणून सोमवारी संध्याकाळी वेरूळ उरकून आमच्याकडं मुक्काम, आणि मंगळवारी वेरूळ बंद असलं तरी देवगिरी, म्हैसमाळ, सुलीभंजनचा डोंगर." पाहुण्याचा दिवस वाया जाऊ देत नाही हे एकदा त्याला पटलं की तो दराची घासाघीस फारशी करत नाही.

मुंबईच्या लोकांसाठी रस्त्याचं रील वेगळं करा. जून २०२५ मध्ये ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग पूर्ण खुला झाला. शुक्रवारी दुपारी ठाण्याहून निघालेला माणूस रात्री जेवायला आपल्याकडं पोचू शकतो, हे अजून कित्येकांच्या ध्यानात नाही.

हंगाम लपवू नका

ही गोष्ट मला महागात पडली, म्हणून मनापासून सांगते. पानावर सगळ्यात वर आमचा ऑगस्टमधला फोटो होता: हिरवेगार डोंगर, धुकं, भरलेली विहीर. एप्रिलच्या शेवटी नाशिकचं एक कुटुंब आलं. पारा चाळिशीपार. डोंगर खरपूस तपकिरी, विहिरीत तळ दिसतोय. त्या काकूंनी ढाळजेत, म्हणजे दारालगतच्या ओसरीत, उभं राहून मोबाइल काढला, फोटो बघितला, समोर बघितलं, आणि काहीच बोलल्या नाहीत. ते गप्प राहणं अजून टोचतं. आम्ही अर्धे पैसे परत दिले.

तेव्हापासून प्रत्येक फोटोवर महिना लिहिते. उन्हाळ्यात उन्हाळाच दाखवते: जाड भिंतींच्या आतला गारवा, माठाचं पाणी, केशर आंबा, रात्री माळवदावर टाकलेल्या गाद्या. आणि पाण्याबद्दल स्पष्ट लिहिते की मे महिन्यात टँकर येतो, आंघोळीला बादली मिळेल, शॉवर बंद असेल. ते वाचून जे येतात त्यांनी आजवर कुरकुर केली नाही. जे येत नाहीत त्यांचं न येणंच बरं.

पावसाळ्यात वेरूळच्या लेण्यांवरून कोसळणारं पाणी आणि म्हैसमाळचं धुकं, श्रावणात घृष्णेश्वर आणि खुलताबादच्या भद्रा मारुतीची गर्दी, ऑक्टोबरपासून हवा बदलते, मग हुरडा. ज्या महिन्याचे पाहुणे हवेत त्याच्या महिना-दीड महिना आधी त्याच गोष्टीचं मागच्या वर्षीचं शूटिंग टाका. हुरड्याचं रील जानेवारीत टाकलं तर बघणाऱ्याचे शनिवार-रविवार आधीच ठरलेले असतात.

दर लिहा, आणि व्हॉट्सॲपवर असं उत्तर द्या

"दरासाठी मेसेज करा" हे मला अजिबात पटत नाही. माणूस चार घरं बघत असतो; ज्याचा आकडा समोर दिसतो त्याच्याशी बोलतो. आकडा आणि त्यात काय-काय येतं हे पानावर स्वच्छ लिहा.

व्हॉट्सॲप बिझनेसमध्ये ठरलेली उत्तरं साठवून ठेवता येतात, फोटो-दरांचा कॅटलॉग करता येतो, आणि चौकशी, ॲडव्हान्स आला, येऊन गेले अशी लेबलं लावता येतात. माझं साठवलेलं उत्तर असं आहे:

"नमस्कार. येत्या शनिवारी एक खोली रिकामी आहे. दोघांसाठी मुक्काम, संध्याकाळचा चहा, चुलीवरचं रात्रीचं जेवण आणि सकाळचा नाश्ता मिळून ३,००० रुपये. दहा वर्षांखालच्या मुलांचे पैसे नाहीत. जेवण शाकाहारी. दारू चालत नाही. बाथरूम खोलीला लागून आहे, व्हिडिओ खाली पाठवते. पाचच्या आत आलात तर मावळती सापडेल. सोबत वयस्कर कुणी आहे का? असेल तर खालची खोली ठेवते."

शेवटचा प्रश्न मुद्दाम आहे. त्याला माणूस उत्तर देतोच आणि बोलणं पुढं सरकतं. दारूचं आधीच लिहिल्यामुळं काही चौकश्या तिथंच संपतात, त्याचं वाईट वाटून घेऊ नका.

फसवणुकीपासून सावध. पाहुणा म्हणून बोलणारा कुणी "ॲडव्हान्स पाठवतोय, हा क्यूआर स्कॅन करून पिन टाका" म्हणाला की फोन ठेवा. पैसे घ्यायला यूपीआय पिन कधीच लागत नाही. उलट बाजूनं, आपले फोटो चोरून खोटं पान काढणारेही असतात. म्हणून पानावर ठळक लिहा की ॲडव्हान्स फक्त या एकाच नंबरवर आणि या नावानं येतो.

पैसे देऊन जाहिरात, आणि फुकट राहायला मागणारे

आधी वीस-पंचवीस चांगली रील होऊ द्या, मग पैसे लावा. जे रील आपोआप चाललंय तेच पुढं ढकला, पडलेलं रील पैशानं उठत नाही. पुणे, नाशिक, मुंबई-ठाणे एवढीच शहरं निवडा आणि बटण थेट व्हॉट्सॲपवर उघडेल असं ठेवा. मी नोव्हेंबरच्या सुरुवातीला रोज दोनशे रुपये, पाच दिवस, एवढंच करते. हजारो फॉलोअर मिळवून देतो म्हणणाऱ्या एकाला आम्ही एकदा पैसे दिले होते. आकडा फुगला, फोन एकही आला नाही, आणि त्या निर्जीव खात्यांमुळं आमची खरी रीलसुद्धा कमी लोकांपर्यंत जाऊ लागली असं मला वाटतं.

इन्फ्लुएन्सर मंडळींचे मेसेज येतील: दोन रात्री फुकट, बदल्यात एक रील. सरसकट नाही म्हणू नका, पण त्यांचे फॉलोअर कुठले आहेत ते विचारा. संभाजीनगरचाच, पाच-सात हजार फॉलोअरचा, मराठीत बोलणारा मुलगा मला दिल्लीच्या लाखांपेक्षा उपयोगी पडला. रील कोलॅब पद्धतीनं टाकायला सांगा, म्हणजे ते दोघांच्या पानावर दिसतं. आणि फुकट मुक्कामाच्या बदल्यात केलेलं रीलही जाहिरातच धरली जाते; भारतीय जाहिरात मानक परिषदेच्या २०२१ च्या नियमांप्रमाणे त्यावर तसं लिहावं लागतं. त्यानं लपवलं तर बोट आपल्या घराकडंही येतं.

कागद आणि परवानगी

जाहिरातीआधी पर्यटन संचालनालयाकडं नोंदणी करून घ्या. शेतावर असाल तर राज्याचं २०२० चं कृषी पर्यटन धोरण आहे. जेवण देता तर अन्न सुरक्षेची नोंदणी. परदेशी पाहुणे बोलवायचे असतील तर ते आल्यापासून २४ तासांत त्यांची माहिती सरकारकडं ऑनलाइन भरावी लागते, त्याची तयारी नसेल तोवर इंग्रजी जाहिरात पुढं ढकला.

पाहुण्यांचे फोटो विचारल्याशिवाय टाकू नका. मुलांचे तर नाहीच. आम्ही जाताना विचारतो, आणि "चालेल" हा मेसेज व्हॉट्सॲपवर लेखी घेतो.

गेलेला पाहुणा

निघताना गाडीत बसायच्या आधी गुगलच्या अभिप्रायाची लिंक पाठवा आणि तिथंच म्हणा, "आजीच्या भाकरीबद्दल दोन ओळी लिहा." नेमकं सांगितलं की माणूस नेमकं लिहितो, आणि पुढच्याला ते वाचून तोंडाला पाणी सुटतं. वाईट अभिप्राय आला तर एक रात्र जाऊ द्या. मग नाव घेऊन, चूक कबूल करून, काय दुरुस्त केलं ते लिहा. "डासांचं खरं होतं, आता चारही खिडक्यांना जाळ्या बसवल्या" एवढं पुरतं. घातलेला वाद वाचला की पुढच्याला प्रश्न विचारावासा वाटत नाही.

निघणाऱ्या पाहुण्यांना मी आमचा नंबर सेव्ह करायला लावते, कारण व्हॉट्सॲपची ब्रॉडकास्ट यादी, एका यादीत २५६ माणसं, फक्त नंबर सेव्ह असणाऱ्यांपर्यंतच पोचते. त्या यादीवर मी वर्षातून तीनदाच लिहिते. त्यातला हिवाळ्यातला मेसेज माझे मिस्टर शेतातून एक कणीस मोडून आणतात, सासूबाई दाणा दातात धरून बघतात आणि मान हलवतात, त्याच संध्याकाळी जातो. कणसाचा फोटो, महिना आणि दोन ओळी: "ज्वारी हुरड्यात आली. शनिवारी पाचच्या आत या, आगटी पेटलेली असेल."